होळकरांचा पगारी संघ



धुळ्याहून उत्तरेला निघालेला आग्रा रस्ता शिरपूर मागे टाकून सातपुड्याला भिडतो, बिजासनचा घाट चढून सेंधव्याला उतरतो, खलघाटावर नर्मदा ओलांडतो आणि इंदुरात शिरतो. जळगाव-भुसावळच्या माणसाला पूर्वी दुसरी वाट होती. खांडव्याला गाडी बदलायची आणि लहान रुळांच्या गाडीने महूवरून इंदूर गाठायचे. त्या लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारलाच एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. सांगायचा मुद्दा असा, की इंदूर आपल्याला परके नाही. होळकरांचे मूळ पुरुष मल्हारराव लहानपणी वाढले ते तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्या घरी. तेव्हा आज ज्या होळकर क्रिकेट संघाविषयी मी बोलणार आहे, त्याला आजोळचा म्हणून ऐकण्याचा हक्क खानदेशाला आहे.

क्रिकेटची ज्यांना गोडी नाही त्यांनी उठून जाऊ नये. मला जे सांगायचे आहे ते धावांपेक्षा माणसांबद्दल अधिक आहे, आणि त्यातही एका प्रश्नाबद्दल आहे, जो आपल्या घराघरांत विचारला जात आलेला आहे. मुलगा चेंडूफळी घेऊन मैदानावर निघाला की ओसरीवरून आवाज येतो, “खेळून पोट भरणार आहे का?” ह्या प्रश्नाला एका संस्थानाने चौदा हंगाम व्यवहारात उत्तर दिले. ते कसे दिले आणि त्या उत्तराची कसोटी कोणत्या प्रसंगी लागली, एवढेच आजचे व्याख्यान.

प्रथम पगाराची गोष्ट. खेळासाठी पैसे घेणे ही फार दिवस कमीपणाची बाब मानली जाई. इंग्लंडात हौशी खेळाडू हा ‘जंटलमन’ आणि मोबदला घेणारा नुसता ‘प्लेअर’. दोघांची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात उतरायची दारे वेगळी. धावफलकाच्या कागदावरसुद्धा एकाची आद्याक्षरे नावाच्या आधी आणि दुसऱ्याची नंतर. लेन हटन हा पगारी खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला तो १९५२ साली, आणि हा पंक्तिप्रपंच कागदोपत्री मिटला १९६२ साली. अमेरिकेत मात्र असला सोवळेपणा लवकर सुटला. तिथे बेसबॉल म्हणून चेंडू-दांडूचा खेळ आहे. १८६९ साली सिनसिनाटी शहराच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाने आपले सगळेच्या सगळे दहा खेळाडू उघडपणे पगारावर ठेवले. गंमत अशी, की त्यांचा सूत्रधार हॅरी राइट हा शेफील्डला जन्मलेला, मुळातला क्रिकेटचा धंदेवाईक खेळाडू. त्याने आपल्या भावाला, जॉर्जला, हंगामाचे १४०० डॉलर देवविले आणि स्वतः १२०० घेतले. दहांपैकी त्या शहरचा रहिवासी एकच, बाकीचे बाहेरून आणलेले. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. पुढल्या वर्षी, १४ जून १८७० रोजी, ब्रुकलिनच्या ॲटलांटिक संघाने त्यांना अकरा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात ८-७ असे हरविले. लोकांचा उत्साह ओसरला, आणि वर्षअखेर मंडळींनी पगार बंद करून संघ मोडला. जिंकेपर्यंत आपला, हरला की बाहेरचा! पगारी संघाच्या नशिबी हे नेहमीच असते, म्हणून ती हकीकत मुद्दाम सांगितली. पुढे तिची आठवण ठेवावी.

इंदुरात पगार होता, पण त्याला पगार म्हणत नसत. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांनी १९२३ साली नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडू ह्या तरुणाला बोलावून घेतले आणि होळकरांच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. नाव फौजेच्या पटावर, काम मैदानावर. हा तरुण कोण हे देशाला तीन वर्षांनी कळले. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर विलायतेहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून खेळताना त्याने १५३ धावा काढल्या, त्यांत अकरा षटकार होते. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार तोच होता. इंदुरातच जन्मलेल्या मुश्ताक अली ह्या पोराला लहान वयात हेरून खेळायला लावले तेही नायडूंनीच. त्याच मुश्ताकने १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला. तोही पुढे ‘कॅप्टन मुश्ताक अली’ झाला. जगदाळे तर लोकांच्या तोंडी मेजर जगदाळे म्हणूनच राहिले. शत्रू पाहिला असेल तर त्यांनी बावीस यार्डांवरूनच पाहिला असेल. पण तो वेगळा विषय.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४ साली सुरू झाली. आरंभी इंदूरची मंडळी मध्य हिंदुस्थान ह्या नावाखाली खेळत. १९४१-४२ पासून होळकर ह्या स्वतंत्र नावाने संघ उतरू लागला आणि गादीवर असलेल्या यशवंतराव महाराजांच्या काळात तिथे माणसे जमा होऊ लागली. सागरचे चंदू सरवटे आले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले, मुंबईचा डावखुरा खंडू रांगणेकर आला, नागपूरचा हिरालाल गायकवाड आला. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. काही काळ होते. नावे पाहिली तर निम्म्याहून अधिक संघ मराठी दिसतो, पण त्यात इंदूरचे थोडे आणि आणलेले फार. सिनसिनाटीचाच प्रकार. फरक हा, की इथे कर्णधार कर्नल नायडू होते. वेळेला ढिलाई नाही, क्षेत्ररक्षणात हयगय नाही, दुखते-खुपते ही सबब नाही.

ह्या संघाने काय केले ते एका वाक्यात सांगता येते. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम सामन्याला पोचला, चार वेळा जिंकला आणि सहा वेळा हरला. चारांबद्दल लोक बोलतात. मला सहांबद्दल अधिक बोलावेसे वाटते. तरी ज्याचे त्याला माप घालू आणि वैभवाच्या प्रसंगापासून सुरुवात करू.

१९४५-४६ चा उपान्त्य सामना इंदुरात म्हैसूरविरुद्ध झाला. होळकरांनी ८ बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला. आकडा मोठा आहेच. रणजीत तो मागे पडायला १९९३-९४ साल उजाडावे लागले, हैदराबादने आंध्रविरुद्ध ९४४ केल्या तेव्हा. पण माझ्या दृष्टीने महत्त्व त्याच्या वाटणीला आहे. के. व्ही. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. एका डावात सहा जणांची शतके! एका घरातल्या सहा भावांनी सारखी शेती करावी तसे हे आहे. कोणी एक राजा आणि बाकीचे चवरी ढाळणारे, असे इथे नव्हते. संस्थानचा संघ आणि त्यात दरबारी कोणी नाही, हे त्या काळी सोपे नव्हते. राजेरजवाडे स्वतः कर्णधार होत आणि चांगला गोलंदाज त्यांच्यासाठी चेंडू हळू टाकी, असेही दिवस क्रिकेटने पाहिले आहेत.

त्याच वर्षी अंतिम सामना इंदूरलाच बडोद्याशी झाला. म्हणजे होळकर आणि गायकवाड. पेशवाईतले दोन सरदार दीडदोनशे वर्षांनी समोरासमोर, हातात तलवारीऐवजी बॅट. १८९५ सालचा जन्म असलेले नायडू तेव्हा पन्नाशीत होते. त्यांनी २०० धावा काढल्या. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक प्रथमच इंदुरात राहिला.

आता एक वर्ष मागे जाऊ. १९४४-४५ चा अंतिम सामना, मुंबईचे ब्रेबॉर्न मैदान, समोर विजय मर्चंटांचा मुंबई संघ. महायुद्ध चालू होते, आणि इंग्लंडचा नामांकित फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीवर महूला होता. महू म्हणजे इंदूरचे अंगणच. नायडूंनी त्याला संघात घेतले. मुंबईने ४६२ केल्या, होळकरांनी ३६०, त्यात मुश्ताकच्या १०९. दुसऱ्या डावात मुंबई खेळतच राहिली. मर्चंट २७८, एकूण ७६४. सामना निकालापर्यंत चालायचा असल्यामुळे घाई कोणालाच नव्हती. होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. इतक्या धावा शेवटच्या डावात कोणी काढत नाही. तरीही मुश्ताकने १३९ काढल्या आणि कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. डाव ४९२ वर संपला, ३७४ धावांनी पराभव. सामन्यात एकंदर २०७८ धावा झाल्या.

कॉम्प्टनची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. इंदूरच्या कोणा व्यापाऱ्याने त्याला शंभरावरच्या प्रत्येक धावेला पन्नास रुपये देण्याचे कबूल केले. कॉम्प्टनने जवळपास दीडशे धावा वर काढल्या आणि शेटजींचा शोध केला, तेव्हा चिठ्ठी मिळाली, की तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागत आहे! आपल्या सराफबाजारात ही गोष्ट ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल असे मला वाटत नाही. पण त्या पराभवातला खरा मानकरी माझ्या मते कॉम्प्टन नव्हे, सी. एस. नायडू. त्यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. पहिल्या डावात ६४ षटके आणि पाच चेंडू, दुसऱ्यात ८८ षटके. ११ बळी घेतले आणि ४२८ धावा दिल्या. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतके चेंडू कोणी टाकले नाहीत, इतक्या धावाही कोणी दिल्या नाहीत. हा दुसरा विक्रम कोणालाच नको असतो. पण दुसरा विक्रम पत्करल्याशिवाय पहिला होत नाही.

आणि आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय घेतला तो. मार्च १९४७, बडोदे, पुन्हा होळकर आणि बडोदे अंतिम सामन्यात. होळकर २०२ मध्ये बाद. बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत परतले, म्हणजे सामना अजून कोणाचाच नव्हता. तिथे विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. हजारे सांगलीचे, बचाव पक्का, चेहऱ्यावर काही दिसायचे नाही. गुल महंमद लाहोरकडचा, ठेंगणा, डावखुरा. ह्या दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. गुल ३१९, हजारे २८८. जगातल्या कोणत्याही गड्यासाठी प्रथम श्रेणीत एवढी मोठी भागी त्याआधी झाली नव्हती, आणि पुढे ५९ वर्षे झाली नाही. २००६ साली कोलंबोला संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या तेव्हा ती मागे पडली. चौथ्या गड्याची म्हणून ती अजून पहिली आहे. बडोदे ७८४. होळकर दुसऱ्यांदा १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी हार. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून कसोटी खेळला.

ह्या सामन्याचे वर्णन करणारे हजारे आणि गुल यांच्याविषयी लिहितात, ते योग्यच आहे. परंतु त्या वेळी मैदानात आणखी अकरा माणसे होती. चेंडू कुंपणाकडे जातो आहे, आणून द्यावा, पुन्हा टाकावा, पुन्हा जातो आहे. करंडक गेला हे त्यांना कळून चुकले होते. पन्नाशी ओलांडलेला कर्णधार त्यांच्यात उभा होता. त्यांनी डाव संपेपर्यंत क्षेत्ररक्षण केले, उरलेले सातही गडी बाद केले आणि मग फलंदाजीला आले.

हे त्यांचे कर्तव्यच होते, त्यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी पुढच्याच वर्षीची, डिसेंबर १९४८ मधली हकीकत सांगतो. सामना पुण्याला, महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा. आपले भाऊसाहेब निंबाळकर तेव्हा महाराष्ट्राकडून खेळत होते. त्यांनी भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा केल्या आणि पुढे एकट्याने मजल मारीत ४४३ वर नाबाद पोचले. ब्रॅडमनचा जागतिक उच्चांक होता नाबाद ४५२. अवघ्या नऊ धावा कमी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. खेळ थांबला असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की आता पुरे, आम्ही पुढे खेळत नाही. आणि संघ घेऊन ते निघून गेले. सामना सोडून दिला! निंबाळकर ४४३ वर राहिले ते कायमचे. एवढे करूनही त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते वारले, त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला असताना.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे संस्थानिक, ज्याला खेळापासून काही मिळवायचे नव्हते. त्याला आपल्या नावाविरुद्ध विक्रम लिहिला जाणे सोसले नाही. दुसरीकडे पोटासाठी नोकरी करणारे अकरा जण, ज्यांच्या नावाविरुद्ध त्याहून मोठा विक्रम लिहिला गेला आणि त्यांनी तो लिहू दिला. हौशी माणूस खेळाचा मान राखतो आणि पगारी माणूस त्याचा बाजार करतो, हे आपण विलायतेकडून शिकलो. पुणे आणि बडोदे यांचा दाखला मात्र उलटा आहे. एका प्रसंगावरून सिद्धांत बांधू नये हे मला मान्य आहे. पण माझा अंदाज असा, की ज्याला रोज त्याच कामावर यायचे असते त्याला एका दिवसाची नामुष्की सोसण्याची सवय असते. शिक्षकाला असते, गाडीवानाला असते, कापसाच्या जिनातल्या माणसाला असते.

१९४७-४८ साली होळकरांनी मुंबईला इंदुरात नऊ गडी राखून हरविले आणि दुसऱ्यांदा करंडक जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ मे १९४८ रोजी, मध्य भारत संघराज्य झाले आणि होळकरांचे राज्य त्यात विलीन झाले. फौज गेली, दरबार गेला. आता संघही मोडणार असे कोणालाही वाटले असते. सिनसिनाटीत एका पराभवाने तो मोडला होता. इथे राज्य गेल्यावर संघ सात हंगाम होळकर ह्याच नावाने खेळला आणि त्यांपैकी शेवटच्या सहाही हंगामांत अंतिम सामन्याला पोचला. बडोद्याकडून चार गड्यांनी हरले, पुढच्या वर्षी गुजरातवर १८९ धावांनी जिंकले, त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईकडून तब्बल ५३१ धावांनी हरले.

ह्या ५३१ धावांच्या पराभवातलीच ती दातांची गोष्ट. दत्तू फडकरांचा उसळता चेंडू छप्पन वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर बसला आणि दोन दात पडले. सांगतात की नायडूंनी ते दात बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले, आणि मन कचरून हळू चेंडू टाकू लागलेल्या फडकरांना तसे न करण्याविषयी बजावून ते खेळत राहिले. १९५२-५३ साली कलकत्त्याला बंगालविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर होळकरांनी चौथ्यांदा आणि अखेरचा करंडक घेतला. रणजीत सामना अनिर्णीत राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो विजयी, असा नियम आहे. त्यानंतर नायडू नवीन निघालेल्या आंध्र संघाला शिकवायला गेले, पुढे उत्तर प्रदेशाकडून साठी उलटल्यावरही खेळले. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. नागपूरचा माणूस इंदूरचा होऊन गेला.

शेवटचा सामना १९५४-५५ चा, इंदुरातच, मद्रासविरुद्ध. मद्रास ४७८ आणि ३११. होळकर ४१७ आणि ३२६. केवळ ४६ धावांची हार. मद्रासने पहिल्यांदाच करंडक नेला. पुढल्या हंगामात संघाचे नाव मध्य भारत झाले, १ नोव्हेंबर १९५६ नंतर मध्य प्रदेश. होळकर हे नाव आता इंदूरच्या मोठ्या क्रीडांगणावर आहे.

त्या नावाखालून निघालेला संघ पुन्हा अंतिम सामन्याला पोचायला १९९८-९९ साल लागले. बंगळूरला कर्नाटकाने मध्य प्रदेशाचा ९६ धावांनी पराभव केला. मध्य प्रदेशाचे कर्णधार होते मुंबईत वाढलेले चंद्रकांत पंडित, म्हणजे पुन्हा बाहेरून आणलेला मराठी माणूस. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेश त्याच मैदानावर परत आला. ह्या वेळी पंडित शिक्षक होते आणि कर्णधार होता आदित्य श्रीवास्तव. सहा गडी राखून ते जिंकले. इंदुरात मेजर जगदाळ्यांच्या पिढीतले कोणी हे पाहायला उरले नव्हते. समोरचा संघ मुंबईचा होता.